घराची पन्हळ किती दिवसांनी साफ करावी?

पन्हळ वर्षातून दोनदा साफ केली की झाले, असे बहुतेक घरांत मानतात. पाणी वाहून जाण्यापुरते ते ठीक. पण डेंग्यू टाळायचा असेल तर पावसाळ्यात दर आठवड्याला पाहणी हवी. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी साठलेल्या पाण्यात अंडी घालते आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात. पालापाचोळ्याने अडलेले वाटीभर पाणीही तिला पुरते. नुसते पाणी ओतून भागत नाही, आतली बाजू ब्रशने घासा. कडेला चिकटलेली अंडी कोरडी राहूनही काही महिने टिकतात.

मेअखेर गाळ काढताना उतारही तपासा. मध्येच झोल पडला असेल तर कितीही साफ केले तरी पाणी तुंबणारच. वयस्कर मंडळी, चक्कर येणारे आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणारे यांनी मात्र शिडीवर चढू नये, हे काम दुसऱ्याला सांगावे.

घरात कोणाला ताप आलाच, तर आयब्युप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन मनाने देऊ नका. ताप उतरत असताना पोटात जोरात दुखणे, सारख्या उलट्या किंवा हिरड्यांतून रक्त दिसले तर लगेच रुग्णालयात न्या.