फायबर खाल्लं की पोट साफ होतंच का? तंतुमय पदार्थांबद्दलचा वाद नेमका काय आहे?

‘पोट साफ होत नाही? मग फायबर वाढवा.’ घरातली आजी, जिममधला ट्रेनर आणि फॅमिली डॉक्टर या तिघांचं ज्या मोजक्या गोष्टींवर एकमत असतं, त्यातली ही एक. पण गेल्या काही वर्षांत सोशल मीडियावर बरोबर उलटा सूर ऐकू येतो. फक्त मांस, अंडी आणि तूप-लोण्यावर राहणारे ‘कार्निव्होर डाएट’वाले सांगतात की फायबर म्हणजे न पचणारा चोथा, त्यानेच पोट फुगतं, तो बंद केला की बद्धकोष्ठता आपोआप जाते. पुरावा म्हणून एका संशोधनाचा स्क्रीनशॉट जोडलेला असतो. गंमत म्हणजे ते संशोधन खोटं नाही.

तो अभ्यास काय सांगतो?

२०१२ मध्ये सिंगापूरमधल्या डॉक्टरांनी हा अभ्यास प्रसिद्ध केला. बद्धकोष्ठतेचं ठराविक कारण सापडत नव्हतं अशा ६३ रुग्णांना त्यांनी दोन आठवडे फायबर पूर्ण बंद करायला सांगितलं. नंतर ज्याला जितकं जमेल तितकं कमी ठेवायला सांगितलं. सहा महिन्यांनी ४१ जणांनी फायबर बंदच ठेवलं होतं. आधी त्यांना सरासरी पावणेचार दिवसांतून एकदा शौचाला होत होतं, आता रोज होऊ लागलं. पोटफुगीही गेली. जे सहा जण पुन्हा भरपूर फायबरकडे वळले, त्यांच्यात काही सुधारणा नव्हती.

आकडे थक्क करणारे आहेत, पण अभ्यास कसा केला तेही बघायला हवं. कोणी कोणत्या गटात जायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं, रुग्णांनी स्वतःच ठरवलं. तुलनेसाठी वेगळा गट नव्हता. हे सगळे असे लोक होते, ज्यांना आधीच फायबर घेऊन गुण आला नव्हता. त्यामुळे या अभ्यासातून फार तर एवढंच म्हणता येतं की काही रुग्णांना फायबरचा उपयोग होत नाही आणि काहींना त्रासही होऊ शकतो. ‘फायबर कोणालाच नको’ हे रीलवाल्यांनी पदरचं घातलेलं आहे.

फायबरचा एवढा बोलबाला झाला कुठून?

याचं बरंचसं श्रेय डेनिस बर्किट या आयरिश सर्जनला जातं. ते युगांडात काम करत होते आणि लहान मुलांमधल्या एका कर्करोगाला त्यांचं नावही आहे. बर्किट यांच्या लक्षात आलं की ब्रिटनमध्ये रोज दिसणारे मोठ्या आतड्याचा कर्करोग, मूळव्याध, आतड्याच्या भिंतीला येणारे फुगे म्हणजे डायव्हर्टिक्युलोसिस हे आजार आफ्रिकेतल्या खेड्यांत क्वचितच आढळतात. १९७२ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी चक्क लोकांच्या मलाचं वजन आणि अन्नाचा आतड्यातला प्रवास मोजून निष्कर्ष मांडले. युगांडातल्या गावकऱ्यांच्या मलाचं वजन ब्रिटिश नौसैनिकांच्या चौपटीहून जास्त होतं आणि अन्न निम्म्याहून कमी वेळात बाहेर पडत होतं. १९७९ मध्ये बर्किट यांनी फायबरवर सर्वसामान्यांसाठी पुस्तकच लिहिलं.

निरीक्षण पक्कं होतं, पण त्यावरून काढलेला अर्थ थोडा घाईचा होता. गावकरी आणि नौसैनिक यांच्यात फक्त फायबरचा फरक नव्हता. कष्ट, मांस-साखरेचं प्रमाण, आयुर्मान, शौचाला बसायची पद्धत आणि तपासणीच्या सोयी, सगळंच वेगळं होतं.

मग चाचण्यांत काय निघालं?

इथून गोष्ट गुंतागुंतीची होते. १९९९ मध्ये अमेरिकेत ८८ हजारांहून अधिक नर्सेसच्या १६ वर्षांच्या माहितीत फायबर आणि आतड्याचा कर्करोग यांचा संबंध सापडला नाही. पुढच्याच वर्षी दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. एकीत कमी चरबीचा, भरपूर फळं-भाज्यांचा आहार होता, दुसरीत गव्हाचा कोंडा. दोन्हींत आतड्यातल्या गाठी म्हणजे पॉलिप पुन्हा होण्याचं प्रमाण कमी झालं नाही. मात्र या चाचण्या तीन-चार वर्षांच्याच होत्या आणि पॉलिपचा कर्करोग व्हायला साधारण दहा वर्षं किंवा त्याहून जास्त काळ लागतो.

२००३ मध्ये युरोपातल्या दहा देशांतल्या पाच लाखांहून अधिक लोकांच्या अभ्यासाने पारडं पुन्हा फिरवलं. जास्त फायबर खाणाऱ्यांमध्ये आतड्याचा कर्करोग कमी दिसला. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये १८५ निरीक्षण अभ्यास आणि ५८ चाचण्यांचा एकत्र आढावा आला. सर्वात जास्त फायबर खाणाऱ्यांमध्ये हृदयरोग, टाइप २ मधुमेह, आतड्याचा कर्करोग आणि एकूण मृत्यू यांचं प्रमाण १५ ते ३० टक्क्यांनी कमी होतं. दिवसाला २५ ते २९ ग्रॅम फायबर घेणाऱ्यांना हा फायदा ठळक दिसला. जागतिक आरोग्य संघटनाही मोठ्यांसाठी दिवसाला किमान २५ ग्रॅम सांगते.

डायव्हर्टिक्युलोसिसचं कोडं मात्र सुटलेलं नाही. २०१२ मध्ये अमेरिकेत दोन हजारांवर लोकांच्या कोलोनोस्कोपीवरून केलेल्या अभ्यासात जास्त फायबर खाणाऱ्यांमध्ये हे फुगे उलट जास्त आढळले. त्याच्या एक वर्ष आधी ब्रिटनमधल्या ४७ हजार लोकांच्या अभ्यासात या आजारासाठी रुग्णालयात जावं लागण्याचा धोका शाकाहारींना सुमारे ३१ टक्क्यांनी कमी होता. फुगे असणं आणि त्यांचा त्रास होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लक्षात घेतलं तर दोन्ही निकाल एकाच वेळी खरे असू शकतात.

एका नावाखाली वेगवेगळे पदार्थ

वादाचं खरं मूळ ‘फायबर’ या शब्दातच आहे. आपलं लहान आतडं पचवू न शकणारे वनस्पतींमधले बरेच घटक या एकाच नावाखाली येतात, पण पोटात गेल्यावर त्यांचं वागणं अगदी वेगळं असतं.

गव्हाचा जाडसर कोंडा पाण्यात विरघळत नाही. तो आतड्याच्या आतल्या आवरणाला टोचतो, त्यामुळे आतडं पाणी आणि चिकट स्राव सोडतं आणि मल पुढे सरकतो. १९८८ मध्ये ब्रिटनमधल्या दोन संशोधकांनी हे तपासायला स्वयंसेवकांना कोंड्याच्या आकाराचे प्लॅस्टिकचे कण खाऊ घातले. परिणाम कोंड्यासारखाच झाला! (घरी करून बघू नये, हे वेगळं सांगायला नको.) म्हणजे निदान शौचाच्या बाबतीत कोंड्यातल्या पोषणापेक्षा त्याचा खरखरीतपणाच जास्त काम करतो. तोच कोंडा बारीक दळला तर हा परिणाम बराचसा जातो.

इसबगोलाची तऱ्हा वेगळी. गुजरात-राजस्थानात पिकणाऱ्या या बियांच्या सालीचा पाण्यात गोळा होतो, तो पाणी धरून ठेवतो आणि आतड्यातले जिवाणूही त्याला फारसे खात नाहीत. त्यामुळे तो शेवटपर्यंत टिकतो. कडक मल मऊ करतो आणि पातळ मलाला बांधून ठेवतो.

तिसरा प्रकार कांदा, लसूण, कडधान्यांमधला. जिवाणू तो आवडीने खातात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात. मोठ्या आतड्याच्या आवरणातल्या पेशींचं हे मुख्य इंधन. पण याच प्रक्रियेत गॅसही होतो. राजमा-छोल्यांनंतर पोट गुडगुडतं ते यामुळेच.

हा फरक रुग्णाच्या दृष्टीने किती महत्त्वाचा आहे, ते २००९ मधल्या नेदरलँड्सच्या चाचणीत दिसलं. पोटदुखी आणि शौचाच्या तक्रारी सतत राहणाऱ्या, म्हणजे आयबीएसच्या २७५ रुग्णांपैकी काहींना इसबगोल, काहींना कोंडा आणि काहींना नुसतं तांदळाचं पीठ दिलं. इसबगोलाने आराम पडला. कोंडा घेणाऱ्यांपैकी अनेकांनी त्रास वाढल्यामुळे चाचणीच सोडली.

मग फायबरने फरक न पडणारे कोण?

१९९७ मध्ये जर्मन डॉक्टरांनी जुनाट बद्धकोष्ठतेच्या १४९ रुग्णांना इसबगोलाच्या कुळातल्याच बियांचं फायबर किमान सहा आठवडे दिलं. ज्यांच्या तपासण्या नॉर्मल होत्या, त्यातल्या ८५ टक्के लोकांना बरं वाटलं. पण ज्यांचं आतडंच संथ चालतं, त्यातल्या ८० टक्के रुग्णांना काहीच फरक पडला नाही. शौचाच्या वेळी गुदद्वाराजवळचे स्नायू सैल होण्याऐवजी आवळले जाणं किंवा तत्सम अडथळा असणाऱ्यांपैकी ६३ टक्क्यांची तीच गत झाली.

अशा माणसाला ‘भाज्या खात नसशील’ असं वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. तो आणखी कोंडा, आणखी सॅलड खातो, पोट आणखी फुगतं आणि दोष शेवटी त्याच्याच माथी येतो. खरं तर स्नायूंचा ताळमेळ बिघडला असेल तर बायोफीडबॅक नावाच्या प्रशिक्षणाने तो सुधारता येतो. आतडं संथ असेल तर औषधं आहेत. कार्निव्होर रीलखाली ‘मला फरक पडला’ असं लिहिणाऱ्यांत यातले काही जण असणं अगदी शक्य आहे.

बाकीच्यांसाठी पुरावा फायबरच्या बाजूने आहे. २०२२ मध्ये १६ चाचण्यांचा आढावा आला. त्यात फायबर घेणाऱ्यांपैकी ६६ टक्क्यांची बद्धकोष्ठता सुधारली, न घेणाऱ्यांपैकी ४१ टक्क्यांची. इसबगोल आघाडीवर होतं. डोस दिवसाला १० ग्रॅमहून जास्त असला आणि निदान चार आठवडे घेतला तर परिणाम चांगला होता. गॅस मात्र वाढला.

ताटात काय, डब्यात काय?

पॉलिश केलेल्या कच्च्या तांदळात १०० ग्रॅममागे जेमतेम ३ ग्रॅम फायबर असतं. ज्वारीत सुमारे १०, बाजरी आणि नाचणीत ११ ग्रॅमच्या आसपास. त्यामुळे दोन वेळा भात खाणाऱ्याने एका वेळी भाकरी घेतली तरी फरक पडतो, त्यासाठी महागडी पावडर लागत नाही. वाढवायचं ते हळूहळू, दोन-तीन आठवड्यांत. इसबगोल घेताना मोठा ग्लासभर पाणी हवंच. कोरडं किंवा थोड्या पाण्याबरोबर घेतलं तर ते घशात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकू शकतं. इतर गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवलेलं बरं.

फायबर वाढवल्यावर पोटफुगी आणि दुखणं महिनाभरानंतरही तसंच राहिलं, तर आणखी वाढवत बसू नये, पोटविकारतज्ज्ञांकडे जावं. आतडं कुठे अरुंद झालेलं असेल तर फायबर किती घ्यायचं हे त्यांनाच विचारावं. आणि शौचावाटे रक्त, कारण नसताना वजन घटणं, रक्त कमी असणं किंवा चाळिशी-पन्नाशीनंतर शौचाची सवय अचानक बदलणं, यातलं काहीही असेल तर आधी तपासणी, इसबगोलाचा डबा त्यानंतर.