व्रणातील मक्षिकाकृमी : दुकानातून परस्पर न देण्याचे औषध

एका भाद्रपदात माझ्या चिकित्सालयात एक सूनबाई सासूबाईंना घेऊन आल्या. घरात आठ दिवस कृमिकुठार रस सुरू होता; मुलाने तो ‘जंतांचे औषध’ म्हणून दुकानातून आणला होता. आजी तपासू देईनात. बऱ्याच विनवणीनंतर परिचारिकेच्या साहाय्याने पाहिले, तेव्हा अंग पूर्ण बाहेर आलेले, त्यावर जुना व्रण आणि व्रणात वळवळणाऱ्या अळ्या! चौदा वर्षे त्यांनी हे कोणासही सांगितले नव्हते.

हे आंत्रकृमी नव्हेत, म्हणून पोटात दिलेले विडंग येथे निरुपयोगी. क्रायसोमिया बेझियाना ही माशी व्रणाच्या कडेला शंभर-दोनशे अंडी घालते. दिवसभरात अळ्या बाहेर पडतात आणि पाच ते सात दिवस जिवंत मांस खात आत शिरतात. मूत्रमार्गात क्वचित मोरीवरच्या बारीक माशीच्या, सायकोडाच्या, अळ्या आढळतात. मात्र रुग्णाने बाटलीत आणलेल्या मूत्रातील अळी पुष्कळदा बाटलीतलीच असते. स्वच्छ भांड्यात, आपल्यासमोर ताजे मूत्र घ्यावे. निम्मा गोंधळ तेथेच मिटतो.

सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या पहिल्याच अध्यायात माशांनी व्रणात टाकलेल्या कृमींचे वर्णन केले आहे. सुरसादि गणाने धावन, क्षारोदकाचा सेक आणि व्रण मांसाच्या तुकड्याने झाकून कृमी बाहेर ओढणे, असे उपाय ते सांगतात. अळीची श्वसनछिद्रे मागील टोकाला असतात. हवा कोंडली की ती वर येते. १९९३ साली अमेरिकेतील वैद्यांनी त्वचेतील अळ्यांवर डुकराच्या चरबीचा हाच प्रयोग प्रसिद्ध केला, तेव्हा तो तिकडे नवलाचा ठरला!

तथापि योनीच्या नाजूक त्वचेवर क्षार किंवा टर्पेंटाइन बेफिकिरीने ओतू नये. मी त्रिफळा क्वाथाने धावन करून आजींना त्याच दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठविले. तेथे चिमट्याने पहिल्या दिवशी ३४ व दुसऱ्या दिवशी ११ अळ्या निघाल्या. अशा व्रणामागे कर्करोग वा मधुमेह दडलेला असू शकतो. अळ्या निघाल्या म्हणजे चिकित्सा संपली नाही. औषधी दुकानदार बंधूंनीही ‘लघवीच्या जागी किडे’ असे शब्द ऐकताच गोळी न देता रुग्णास वैद्याकडे धाडावे. अंथरुणाला खिळलेले, मूत्रनलिका लावलेले वृद्धही याच धोक्यात असतात.

आजींचा बायोप्सी अहवाल निर्दोष आला, शस्त्रकर्म झाले. आईला नेमके काय झाले होते, हे मुलाला मात्र घरात अद्याप कोणी सांगितलेले नाही.