सर्व्हर आणला, सूर सुधारला?

पेण असो वा रोहा, पावसाळा लागला की जुन्या कॅसेटी आणि रेकॉर्डींची काळजी सुरू होते. रायगडात वर्षाला सुमारे तीन हजार मिलीमीटर पाऊस पडतो. दमट हवेत फितींना बुरशी धरते, रेकॉर्डींची पाकिटं डागाळतात. सगळा संग्रह एकदाचा हार्ड डिस्कवर घ्यायचं ठरलं, की म्युझिक सर्व्हरचा विषय निघतो.

हा सर्व्हर म्हणजे केवळ गाणी साठवून वाजवण्यासाठी ठेवलेला संगणक. बहुतेकदा त्याला पंखा नसतो, पेटी जाड अ‍ॅल्युमिनियमची असते आणि उंची मॉडेलची किंमत काही लाखांत जाते. त्यानं आवाज ‘खुलतो’ असं सांगितलं जातं.

खरंच खुलतो का?

१९८२ साली बाजारात आलेल्या सीडीत एका सेकंदाच्या आवाजाचे ४४,१०० नमुने असतात. प्रत्येक नमुना १६ बिटांचा, शिवाय डावी-उजवी अशा दोन वाहिन्या. म्हणजे सेकंदाला १४,११,२०० बिट. फ्लॅक फाइल हीच माहिती साधारण निम्म्या जागेत बसवते आणि एकही बिट गमावत नाही. ते बिट डॅकपर्यंत, म्हणजे आकड्यांचा पुन्हा आवाज करणाऱ्या यंत्रापर्यंत पोहोचवायचे, एवढंच सर्व्हरचं काम. नीट जुळवलेला साधा लॅपटॉपही तेच बिट जसेच्या तसे देतो. आजच्या बहुतेक यूएसबी डॅकमध्ये वेळेचं नियंत्रण डॅकच्याच घड्याळाकडे असतं.

मग फरक पडतो कुठे? लॅपटॉपचा पंखा घरघरत असेल, गाण्याच्या मध्येच मेसेजची टिंग वाजत असेल किंवा यूएसबीतून स्पीकरमध्ये गुणगुण येत असेल, तर सर्व्हर उपयोगी पडतो. गुणगुणीवर मात्र ऑप्टिकल केबल हा स्वस्त उपाय आहे. तिच्यातून वीज जातच नाही.

‘हाय-रेझोल्यूशन’च्या, म्हणजे सीडीपेक्षा वरच्या दर्जाच्या फाइलींच्या, मोहाबद्दलही एक आकडा लक्षात ठेवावा. मेयर आणि मोरान यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत श्रोत्यांना हाय-रेझोल्यूशन ध्वनी आणि तोच ध्वनी सीडीच्या दर्जावर आणून ऐकवला आणि फरक ओळखायला सांगितलं. ५५४ पैकी २७६ उत्तरं बरोबर आली, म्हणजे नाणेफेकीइतकीच.

सर्व्हरची खरी कमाई आहे ती मांडणीत. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर सुरू झालेल्या ‘गीतरामायणा’ची ५६ गीतं क्रमानं लावायची, राग किंवा गायकानुसार शोधायची, तर चांगलं सॉफ्टवेअर हवं. तेही जुन्या संगणकावर चालतं.

आवाजच सुधारायचा असेल, तर खोलीकडे पाहावं. फरशी, काँक्रीटचा स्लॅब आणि उघड्या भिंती असलेल्या खोलीत आवाज घुमतो. तिथे जाड पडदे, सतरंजी आणि पुस्तकांचं कपाट यांनी जो बदल होतो, तो महागड्या सर्व्हरनं होत नाही. म्हणून पैसे आधी स्पीकर आणि खोलीवर घालावेत. पावसाळ्यात वीज जाते, त्यामुळे संगणकाला छोटा यूपीएस जोडावा आणि संग्रहाची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवावी. एवढं करूनही हौस उरली, तर सर्व्हर सोयीसाठी खुशाल घ्यावा; आवाज सुधारेल या आशेनं घेऊ नये.