एकाच साच्यातल्या दोन गाड्या

कलकत्त्याच्या एस्प्लनेड चौकाला चाकांचे माहेरघर म्हटले तर ते वावगे ठरू नये. २७ मार्च १९०२ रोजी या शहरातील पहिली विजेची ट्राम येथूनच खिदिरपूरकडे निघाली. २४ ऑक्टोबर १९८४ रोजी देशातील पहिली भुयारी रेल्वे एस्प्लनेड ते भवानीपूर अशी धावली. २०२४ च्या मार्चमध्ये हुगळीच्या पात्राखालून हावड्याकडची गाडी येथवर येऊ लागली. आणि त्याच वर्षी ट्रामचा मैदान ते एस्प्लनेड एवढाच टप्पा वारसा म्हणून राखावयाचा मनोदय राज्य शासनाने जाहीर केला. या चौकापासून चार पावलांवर १८७४ साली उघडलेला हॉग साहेबांचा बाजार आहे. लोक त्याला न्यू मार्केट म्हणतात. त्याच्या गल्ल्यांतून हिंडणाऱ्या मुलाची दृष्टी मात्र ट्रामवर नसते, भुयारी गाडीवरही नसते. ती खिळलेली असते बोटभर लांबीच्या धातूच्या मोटारीवर.

अशा दोन मोटारी एखाद्या मुलाने घेतल्या, असे समजू. एकाच नमुन्याच्या, एकाच साच्यातून निघालेल्या. एक तांबडी, दुसरी निळी. घरी आल्यावर एक फळी टेबलाला तिरपी टेकवून त्याने दोन्ही एकदम सोडल्या. तांबडी पुढे गेली. पुन्हा सोडल्या; पुन्हा तांबडीच पुढे. साचा एक, वजन एक, उतार एक, मग हा भेद कोठून आला? या प्रश्नाने वेडावलेले लोक जगभर आहेत, आणि त्यांतले पुष्कळसे मुले नसून चांगले जाणते गृहस्थ आहेत. अशी मोटार उघडावयाची, तिच्या पोटात काय आहे ते पाहावयाचे, काही घासावयाचे, काही भरावयाचे आणि तिला अधिक वेगवान करावयाचे, हा त्यांचा छंद. वरवर पोरखेळ दिसतो. परंतु त्यात यंत्रशास्त्राचे जवळजवळ सगळे मूळ धडे येऊन जातात.

ओतीव धातूचे चाकाचे खेळणे ही आपल्याकडे नवी वस्तू नव्हे. गोदावरीच्या खोऱ्यातील दायमाबाद येथे १९७४ साली बैलजोडी जुंपलेला धातूचा रथ सापडला. तो सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीचा आहे. तो खेळणे होता की पूजेची वस्तू, हा विद्वानांचा प्रश्न. नागपूरकडची मुले तान्ह्या पोळ्याला चाके लावलेला लाकडी बैल ओढीत नेतात, त्याविषयी मात्र कोणाला शंका नाही. फरक आहे तो घडणीत. मेणाचा नमुना वितळवून धातू ओतण्याच्या जुन्या पद्धतीत साचा दर वेळी फुटतो. म्हणून प्रत्येक वस्तू एकुलती एक असते. आजच्या खेळण्याचा साचा पोलादी असतो. त्यात वितळलेला मिश्रधातू दाबाने सोडतात, क्षणात तो गोठतो, साच्याचे दोन भाग दूर होतात आणि मोटारीचे धूड बाहेर पडते. साचा पुन्हा मिटतो. अशी हजारो धुडे एका साच्यातून निघतात.

हा मिश्रधातू मुख्यतः जस्ताचा. त्यात सुमारे ४ टक्के ॲल्युमिनियम आणि किंचित तांबे व मॅग्नेशियम असते. तो सुमारे ३८५ अंश सेल्सियसला वितळतो. ॲल्युमिनियमला ६६० अंश लागतात. कमी उष्णतेत काम भागत असल्याने पोलादी साचा दीर्घकाळ टिकतो, हेच या धंद्याचे गमक. एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे लागते: त्यात शिशाचा अंशही मिसळता कामा नये. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या कित्येक इंग्रजी मोटारी अशा भेसळीपायी फुगून, तडकून, अक्षरशः चुरा होऊन गेल्या आहेत.

कलकत्त्याचा या कथेशी संबंध केवळ विक्रीपुरता नाही. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीच्या ‘डिंकी’ मोटारी १९३४ पासून त्या नावाने प्रसिद्ध होत्या. स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाच्या टंचाईमुळे आयातीवर कडक निर्बंध आले आणि अशी खेळणी भारतात दुर्मिळ झाली. मग वस्तूऐवजी साचेच आले. साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात डिंकीचे जुने साचे कलकत्त्याला येऊन पोचले आणि तेथील एस. कुमार अँड कंपनी, म्हणजेच ॲटॅम्को, या संस्थेने त्यांतून ‘निकी’ या नावाच्या मोटारी काढल्या. एक अक्षर बदलले की नवे नाव तयार, ही युक्तीही गमतीचीच. त्यात जॅग्वार होती, मर्सिडीज होती, बेंटली होती. आणि भारतीय रस्त्यावर खरोखर दिसणारी स्टँडर्डची छोटी बसही होती. त्याच शहरात मॉर्गन मिल्टनची ‘मिल्टन’ खेळणी निघत. त्यांचे वळण ‘कॉर्गी’ या दुसऱ्या ब्रिटिश मोटारींचे. आयातबंदीच्या त्या काळात ज्यांचे बालपण गेले, त्यांच्यापैकी कित्येकांच्या हाती पडलेली पहिली धातूची मोटार ही अशी कलकत्त्याची होती.

या मोटारी देखण्या होत्या, पण पळणाऱ्या नव्हत्या. त्या काळी तशी अपेक्षाही नव्हती. १९५३ पासून लंडनच्या लेझ्नी कंपनीने आगपेटीएवढ्या खोक्यातून विकलेल्या ‘मॅचबॉक्स’ मोटारीही मुलाने हाताने ढकलावयाच्या, टेबलावर मांडावयाच्या. ही कल्पना मोडली ती अमेरिकेतील मॅटेल कंपनीने. १९६८ साली तिने ‘हॉट व्हील्स’ या नावाने १६ मोटारी बाजारात आणल्या. रंग भडक, आकार अतिरंजित; पण खरी करामत होती खाली, चाकांत. जाड आसाच्या जागी तिने बारीक पोलादी तार घातली आणि घर्षण कमी करणारे गुळगुळीत प्लॅस्टिक वापरले. नारिंगी पट्टीच्या उतारावरून ती मोटार अशी सुटे की पाहणाऱ्याने थक्क व्हावे. पुढच्याच वर्षी, १९६९ मध्ये, लेझ्नीलाही मुकाट्याने बारीक आसाच्या ‘सुपरफास्ट’ मोटारी काढाव्या लागल्या.

तारेच्या जाडीत एवढे काय आहे? बैलगाडी हाकणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. चाक जमिनीवर घसरत नाही, फिरते. घासते ते आसावर. आगगाडीची किंवा ट्रामची चाके आसाशी घट्ट जडवलेली असतात आणि आस बेअरिंगमध्ये फिरतो. बैलगाडीचे आणि खेळण्यातल्या मोटारीचे चाक स्थिर आसाभोवती सैल फिरते. म्हणून वंगण लागते तेथेच. आता हिशेब पाहावा. चाकाचा व्यास ११ मिलिमीटर आणि आसाचा १·१ मिलिमीटर, म्हणजे त्याच्या एक दशांश, असे धरू. दोघांमधल्या घर्षणाचे मान ०·२ असले, तर गाडीला मागे ओढणारे बल तिच्या वजनाच्या २ टक्के होईल. याचा अर्थ असा, की सपाट मार्गावर दर मीटरमागे तिची २ सेंटिमीटर उंचीइतकी कमाई खर्ची पडते. ५ मीटरमध्ये १० सेंटिमीटर. आस निम्म्या जाडीचा केला की हा खर्च निम्म्यावर येतो. मोटारीला काहीही नवीन दिलेले नाही. केवळ गळती थांबवली आहे.

कारण उतारावरच्या गाडीला इंजिन नसते. तिची सारी मिळकत म्हणजे ती जेथून सुटते ती उंची. १ मीटर उंचीवरून सुटलेल्या मोटारीने वाटेत काहीच गमावले नाही, तर तळाशी तिचा वेग सेकंदाला सुमारे ४·४ मीटर, म्हणजे तासाला १६ किलोमीटर होईल. त्याहून जास्त कोणत्याही कारागिराला काढता येणार नाही. (जाहिरातदार या आकड्याला ६४ ने गुणतात, कारण मोटार मूळच्या १/६४ मापाची असते, आणि हजार किलोमीटरचा वेग झाला म्हणून सांगतात. तो नुसता शब्दांचा खेळ होय.) तेव्हा वेग वाढवणे म्हणजे येथे फक्त तोटा कमी करणे.

नवशिक्याचा हात मात्र पहिल्याने जातो वजनाकडे. जड गाडी जोरात पळेल, ही समजूत फार जुनी आहे आणि गॅलिलिओने ती सतराव्या शतकातच मोडीत काढली. तरीही या छंदात ती थोडी खरी ठरते, आणि का ठरते हे पाहण्यासारखे आहे. मिळालेल्या शक्तीचा काही भाग चाके गरगर फिरवण्यात जातो. मोटार ३५ ग्रॅमची आणि चारही चाके मिळून २ ग्रॅमची असली, तर हा भाग सुमारे ३६ वा हिस्सा भरतो. पोटात २० ग्रॅम भरले तर तोच ५६ वा होतो. हवेचा अडथळाही जड गाडीला प्रमाणाने कमी जाणवतो. परंतु आसावरचे घर्षण वजनाबरोबरच वाढते, त्यात नफा नाही. आणि भार अति झाला तर ती बारीक तार वाकते, चाके तिरकी होतात आणि सर्वच मुसळ केरात. वजन मागच्या बाजूला ठेवण्यात मात्र मर्म आहे. ३० अंशाच्या उतारावर भाराचा मध्य २ सेंटिमीटर मागे सरकला की तो १ सेंटिमीटर उंच जातो, म्हणजे गाडी तेवढ्या जास्त उंचीवरून सुटते. फारच मागे नेला तर मार्गाच्या पहिल्याच सांध्यावर ती तोंड वर करते.

भरावयाचे काय, हा प्रश्न उरतो. पूर्वी सर्रास शिसे भरीत. शिसे विषारी आहे. कानशीने घासताना त्याची पूड पोटात जाते, आणि लहान मुलांच्या मेंदूला त्याची बाधा विशेष होते. टंगस्टन त्याहून जड आणि हाताळण्यास पुष्कळच निर्धोक आहे. मुलांच्या खेळण्यात शिशाला मुळीच थारा देऊ नये.

खरे कसब चाकांत आहे. दोन्ही आस सरळ आणि एकमेकांस समांतर हवेत. नाहीतर गाडी एका अंगाला ओढते, मार्गाच्या भिंतीला घासत जाते आणि जे कमावले ते तेथेच उधळते. साच्यातून धूड अचूक निघते, पण तार कापणे, चाक बसवणे, रिवेट ठोकणे यांत केसाएवढा फरक राहतोच. तांबडी आणि निळी यांच्यातला भेद बहुधा येथे असतो. आसावरचे ओरखडे पॉलिशने घालवावे, चाकाच्या भोकातली कणी काढावी, चाक गाडीच्या अंगाला टेकत नाही ना ते पाहावे. वंगण म्हणून तेल सोयीचे वाटते. पण तेलाला धूळ चिकटते आणि दोन दिवसांत त्याचा चिखल होतो. त्यापेक्षा ग्रॅफाइटची कोरडी पूड बरी. काही जण एक चाक किंचित उचलून गाडी तिघांवरच धाववितात. उचललेले चाक फिरवण्याची शक्ती वाचते, हे खरे. पण गाडी डगमगली तर ती बचत व्यर्थ.

हे सर्व करावयाचे तर मोटार उघडावी लागते; आणि पेच आहे तो येथे. वरचे धूड आणि खालचा तळ रिवेटने जोडलेले असतात. त्या रिवेटच्या डोक्यात गिरमिट फिरवल्यावाचून ते सुटत नाहीत. कालपरवा बाजारात आलेली, लाखांनी निघालेली मोटार असेल तर बिघडले काय? पुढे स्क्रू लावून ती बंद करता येते. पण कोणाच्या आजोळच्या ट्रंकेतून निघालेली निकी जॅग्वार असेल, तर तिचा रिवेट म्हणजे कलकत्त्याच्या कामगाराने स्वतः ठोकलेली शेवटची खूण होय. ती एकदा खरवडली की परत येत नाही. तो मूळ कारखानाही आता नाही. लिव्हरपूलचे दार १९७९ मध्येच बंद झाले. शिवाय ती जॅग्वार कितीही घासली तरी दोनशे रुपयांच्या नव्या मोटारीपुढे हरणारच, कारण ती पळण्यासाठी घडवलेलीच नव्हती. वस्तू जुनी असेल तर चाकाला ग्रॅफाइटचा बोटभर स्पर्श करावा आणि तेवढ्यावर थांबावे.

नवी मोटार असली तरी गिरमिट घेण्यापूर्वी एक परीक्षा करावी. तांबडी डावीकडून सुटली होती आणि निळी उजवीकडून; आता त्यांच्या जागा बदलाव्या. प्रत्येक बाजूने दहा-दहा वेळा सोडावे, हाताने न सोडता पट्टीच्या आडोशाने एकदम सोडावे, आणि निकाल कागदावर टिपून ठेवावा. एका वेळी एकच सुधारणा करून हीच परीक्षा पुन्हा घ्यावी. दोन सुधारणा एकदम केल्या तर गुण कोणाचा ते कधीच कळत नाही. जागा बदलल्यावर निळी पुढे जाऊ लागली, तर दोष निळीत नव्हता. टेबलाचा एक पाय आखूड होता, किंवा फळी उजवीकडे किंचित पिळलेली होती. आणि कानस लावावयाची ती मोटारीला नव्हे, त्या फळीला.