वजन दोघांचे, वेळ मात्र एकालाच

देवळाली प्रवरा परिसरात काम करताना आम्हाला एक गोष्ट वारंवार जाणवते. वाढलेल्या वजनाचा विषय निघाला की पुरुष म्हणतो, "उद्यापासून चालायला जातो." बाई म्हणते, "घरचं उरकलं तर बघू."

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार देशात १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रिया आणि २२.९ टक्के पुरुष जादा वजनाचे आहेत. म्हणजे प्रश्न दोघांचाही आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये भारतात ५७ टक्के स्त्रियांना पुरेसा व्यायाम नव्हता. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के होते. दिवसभर राबणे आणि व्यायाम होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शरीराचाही फरक आहे. पुरुषांची चरबी पोटावर साठते. स्त्रियांची आधी कंबर-मांड्यांवर आणि पाळी गेल्यावर पोटावर. पोटाची चरबी मधुमेह व हृदयविकाराचा धोका वाढवते. म्हणून भारतीय पुरुषाच्या पोटाचा घेर ९० आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा असे सांगतात. स्नायू जास्त असल्याने पुरुषाचे वजन सुरुवातीला लवकर उतरते. बाईच्या वाटेत बाळंतपण, पीसीओडी, थायरॉईडही असतात. त्यामुळे तिची जिद्द कमी पडते, असे म्हणणे चूक आहे.

पुरुषांची अडचण वेगळी. सुटलेले पोट त्यांना खात्यापित्या घरची खूण वाटते, आणि तपासणी लांबणीवर पडते.

संयुत्त निकायातील दोणपाक सुत्तात कोसलराजा पसेनदी अति जेवून धापा टाकत भगवंतांकडे येतो. भगवंत मात्रा जाणून जेवायला सांगतात. राजा सुदस्सन नावाच्या तरुणाला रोज जेवताना ती गाथा म्हणायला लावतो आणि हळूहळू सडपातळ होतो. राजालाही आठवण करून देणारा माणूस लागला. आपल्या घरातल्या बाईला असा कोण आहे? उलट वाया जाऊ नये म्हणून उरलेले तीच संपवते.

तरुण कार्यकर्त्यांनो, विहारात वंदनेनंतर मोजपट्टी ठेवा. पुरुषांनी पुरुषांचा, स्त्रियांनी स्त्रियांचा घेर मोजावा. घेर जास्त असेल त्यांना रक्तदाब-साखर तपासायला सरकारी दवाखान्यात घेऊन जा. आठवड्यातून ५ दिवस, रोज अर्धा तास चालणारा महिलांचा गट सुरू करा. आणि तेवढा अर्धा तास मुले आणि स्वयंपाक आपण सांभाळूया. समतेवर भाषण देण्याआधी एवढे तरी आपल्या हातात आहे.