काचेखालची चांदी

सौर पॅनेल अगदी जवळून पाहिलं, तर निळ्या-काळ्या सेलवर केसासारख्या बारीक, पांढुरक्या रेघा दिसतात. त्या चांदीच्या. उन्हाने सिलिकॉनमध्ये मोकळे झालेले इलेक्ट्रॉन गोळा करून तांब्याच्या पट्टीपर्यंत पोहोचवणं हे त्यांचं काम. चांदीइतका उत्तम विद्युतवाहक धातू दुसरा नाही, म्हणून हा खर्च. 2023 मध्ये जगभरच्या सौर उद्योगाला सुमारे 6,000 टन चांदी लागली.

पॅनेल साधारण पंचवीस-तीस वर्षं चालतं, मग भंगारात निघतं. भंगारवाला ॲल्युमिनियमची चौकट खोलतो, मागच्या डबीतल्या तांब्याच्या वायरी ओढून घेतो आणि उरलेलं धूड टाकून देतो. त्याचं चूक नाही. वजनात तीन चतुर्थांश नुसती काच. चांदी हजारात एक भाग भरली तर भरली. पण सगळ्या मालाची किंमत मांडली, तर निम्म्याच्या आसपास तिच्याच वाट्याला येते. सराफाच्या दुकानातली माती धुऊन सोन्याचे कण काढणाऱ्या झारेकऱ्याला हे गणित लगेच समजेल.

चांदी वेगळी करण्याचं रसायनशास्त्र जुनंच आहे. नायट्रिक आम्लात ती विरघळते, तपकिरी वाफा निघतात. द्रावणात साधं मीठ टाकलं की सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका खाली बसतो. खरी कटकट त्याच्या आधी आहे. काच आणि मागचं आवरण यांच्यामध्ये सेल ‘ईव्हीए’ नावाच्या प्लास्टिकच्या दोन थरांत दाबून चिकटवलेले असतात. (याच प्लास्टिकला फेस आणून चपलांचे तळ करतात.) पंचवीस पावसाळ्यांत आत पाणी शिरू नये, म्हणून हा थर मुद्दाम चिवट केलेला. पॅनेल सरळ भरडलं तर काच, प्लास्टिक, सिलिकॉन आणि चांदी यांचा काला होतो. भट्टीत 500 अंशांच्या आसपास तापवलं तर ईव्हीए जळून जातं. पण मागच्या आवरणात फ्लोरीन असेल तर हायड्रोजन फ्लोराइडसारखा जहाल वायू सुटतो आणि तो धुऊन काढायची सोय करावी लागते. जपानमध्ये तापवलेल्या पात्याने काच आणि सेलचा थर वेगळे करतात.

फ्रान्समध्ये ग्रेनोबलजवळचं ला म्यूर हे एकेकाळचं कोळशाच्या खाणीचं गाव. तिथे 2023 मध्ये रोझी या कंपनीचा कारखाना सुरू झाला. तिथे प्लास्टिक उष्णतेने घालवतात आणि सौम्य रसायनांनी सेलवरच्या रेघा सुट्या करतात. चांदी न विरघळता, तारांच्या तुकड्यांच्या रूपातच हाती लागते.

मात्र या धंद्याच्या मुळावर पॅनेलची प्रगतीच येते आहे. 2009 च्या सुमारास एका सेलला 400 मिलिग्रॅमच्या आसपास चांदी लागे. दहा वर्षांत ती 100 वर आली. म्हणजे साठ सेलच्या पॅनेलमध्ये दोन तोळ्यांची अर्धा तोळा झाली. आता चांदीऐवजी तांब्याचा मुलामा देण्याचे प्रयत्न चालू आहेत. पॅनेल स्वस्त होतं, हे चांगलंच. पण ते सोडवण्यामागचं आमिषही आटतं. युरोपच्या नियमानुसार वजनाने 85 टक्के माल परत मिळवावा लागतो. काच आणि चौकट मिळूनच तेवढं वजन जवळपास भरतं. चांदीला हात न लावता नियम पाळला जातो, आणि मला हा नियम अपुरा वाटतो तो यामुळेच.

भारतात 2022 च्या ई-कचरा नियमांनी सौर पॅनेलं कक्षेत आणली. 2034-35 पर्यंतचा असा कचरा उत्पादकांनी साठवून ठेवायचा आहे. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातला महानिर्मितीचा 125 मेगावॉटचा सौर प्रकल्प 2013 मधला. त्या काळच्या सिलिकॉन पॅनेलांत आजच्यापेक्षा जास्त चांदी आहे. साठवणुकीची अट त्यामुळे तशी फायद्याची, पण पॅनेलं गोदामात अख्खी राहिली तर. चौकट उचकटताना काच फुटली की तापवलेलं पातं तिच्यावर नीट चालत नाही, आणि मग उरतो तो भट्टीचा नाहीतर भरडण्याचा रस्ता.