हजेरीपटाशिवाय

नामदेवांच्या घुमानला २०१५च्या एप्रिलमध्ये ८८वं मराठी साहित्य संमेलन भरलं, ते पुष्कळांना आठवत असेल. त्यानंतर सव्वा वर्षानं त्याच पंजाबात आणखी एक संमेलन झालं, पण त्याचा आपल्याकडे गाजावाजा झाला नाही. ५ ते ७ ऑगस्ट २०१६ असे तीन दिवस, चंडीगडला खेटून असलेल्या मोहालीत, लांडरांच्या एका महाविद्यालयात ‘विकिकॉन्फरन्स इंडिया’ भरली होती. यजमान होते पंजाबी विकिपीडियाचे स्वयंसेवक, आणि पाहुणे देशभरातल्या भाषांमधले त्यांचेच भाऊबंद. याआधीची परिषद २०११ साली मुंबईत झाली होती. मधली पाच वर्षं काम थांबलं नव्हतं. फक्त ते ज्याच्या त्याच्या घरून, इंटरनेटवरून चाललं होतं.

परिषदेआधीचा जुलै महिना यजमानांनी फार हुशारीनं वापरला. पंजाब या एकाच विषयावर आपापल्या भाषेत लेख लिहायचे, असं आवाहन त्यांनी केलं. विषय एक, मुदत एक महिना, आणि जागा ज्याला सोयीची ती. पाहुणे चंडीगडला पोचण्याआधीच कामाला लागलेले होते.

गणेशोत्सव मंडळाच्या अध्यक्षाला कार्यकर्ता दिसतो. मांडवात तो नसेल तर कुणाला तरी घरी पाठवून बोलावता येतं. शेकडो मैलांवर बसलेल्या, टोपणनावानं वावरणाऱ्या आणि एक पैसाही न घेणाऱ्या माणसाला कसं बोलावणार? मग बहुतेक संस्था व्हॉट्सअॅपचा ग्रुप काढतात, दर रविवारी ऑनलाइन बैठक लावतात आणि अहवाल मागतात. महिन्याभरात ग्रुपवर उरतात फक्त ‘शुभ सकाळ’चे संदेश. माझ्या मते इथेच चूक होते. दूरच्या स्वयंसेवकावर देखरेख ठेवण्यापेक्षा कामाचे तुकडे नीट पाडले तर निम्मं व्यवस्थापन तिथेच उरकतं.

विकिस्रोत या विकिपीडियाच्या भावंड प्रकल्पात हे चांगलं पाहता येतं. स्वामित्वहक्क संपलेलं जुनं पुस्तक स्कॅन करून तिथे चढवतात. पडद्यावर एका बाजूला पानाचं चित्र आणि दुसऱ्या बाजूला संगणकानं वाचलेला मजकूर. संगणक ‘घ’चा ‘ध’ करतो, ‘भ’चा ‘म’ करतो, अनुस्वार गिळतो. ते दुरुस्त करायचं. न तपासलेलं पान लाल, एकानं तपासलं की पिवळं, आणि दुसऱ्यानं पुन्हा पाहिलं की हिरवं. पिवळं करणाऱ्याला तेच पान स्वतः हिरवं करता येत नाही. पुण्याचा माणूस रात्री जेवणानंतर दोन पानं करतो आणि न्यू जर्सीतली एखादी बाई तिच्या सवडीनं ती पक्की करते. दोघांची बैठक नाही, फोन नाही. काम किती झालं ते रंगच सांगतात. कुणी मधेच सोडून गेलं तरी अडकतं ते एखादं पान, पुस्तक अडकत नाही.

मराठी विकिपीडियावरही हीच रीत आहे. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या या प्रकल्पात चर्चेला चावडी आहे, सरावाला धूळपाटी आहे, आणि प्रत्येक लेखाच्या इतिहासात कुणी, कधी, काय बदललं याची नोंद राहते. बिघडलेलं एका क्लिकसरशी पूर्ववत करता येतं, म्हणून परक्या माणसावर आधीच विश्वास टाकणं परवडतं.

पण हीच सोय उलटतेही. इंग्रजी विकिपीडियावर सक्रिय संपादकांची संख्या २००७च्या सुमारास शिखरावर पोचली आणि मग घसरत गेली. अॅरन हाफकर आणि सहकाऱ्यांनी २०१३मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्याचं एक मोठं कारण सापडलं. सद्‌हेतूनं आलेल्या नवख्यांचं लिखाण अधिकाधिक उडवलं जात होतं, तेही बरेचदा यंत्रांच्या मदतीनं. दर्जा राखायला केलेली व्यवस्था नव्या माणसांना दारातून परत पाठवू लागली होती. समोरासमोर असतं तर कुणीतरी म्हणालं असतं, ‘अरे, संदर्भ दे, मग राहील तुझं वाक्य.’ पडद्यावर वाक्य गायब होतं आणि माणूसही. त्याच २०१३ साली विकिपीडियानं एखाद्या बदलाबद्दल थेट आभार मानण्याचं बटण आणलं. गोष्ट छोटी, पण पगार नसलेल्या कामात पोचपावती एवढीच.

अशा माणसांना पाच वर्षांनी का होईना, लांडरांपर्यंत बोलावणं मला उधळपट्टी वाटत नाही. ज्याच्याबरोबर चहा घेतला त्याचं वाक्य उडवताना दोन ओळी कारण लिहिलं जातं.

तुमचं वाचनालय, शाळा किंवा संस्था परगावच्या, परदेशातल्या मराठी माणसांकडून घरबसल्या काम करून घेऊ पाहत असेल, तर आवाहनाची जाहिरात थोडी थांबवा. अर्ध्या तासात संपेल एवढं एक काम आधी ठरवा आणि ते करून पाठवणाऱ्याला दोन दिवसांत उत्तर देणारा एक माणूस नेमा. तो मिळाला नाही, तर जाहिरात देऊच नका.